दातांवरचं कीटण

लंकाताई तारूंना कामावरून काढल्याची चिठ्ठी चारच ओळींची होती. 'तपासणी : दंतकीटण. मत्स्य : आढळले. मांस : आढळले. स्वयंपाकघरातील सेवेस अपात्र.' खाली निरामय नगरी गृहसंकुलाचा निळा शिक्का.

डॉ. उत्पला कसबेनं ती दोनदा वाचली. लंकाताई प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून उभ्या होत्या. त्यांना आत या म्हणायचंही तिला सुचलं नाही.

"ह्ये तुमचंच मशीन हाय ना, म्याडम?"

यंत्राचा परवाना दुसऱ्याकडे आहे, ते बनवतं दुसरं कोणी, वापरतं तिसरंच, असं बरंच काही सांगता आलं असतं. सगळं खरंही होतं.

"हो," उत्पला म्हणाली. "माझंच आहे."

"मला वाटलंच. त्या तपासणीवाल्या पोरीनं दाताला टोचलं तवाच वळखलं. म्हणलं, ह्ये तर आपल्या कॅम्पातलं." लंकाताईंच्या आवाजात तक्रार नव्हती. ओळखीचं जनावर चावलं की माणूस जसा गोंधळतो, तशा त्या गोंधळल्या होत्या.

घोड नदीच्या काठावर चिंचटेक नावाचं गाव आहे. त्याच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, उत्पला कॅम्प टाकून बारा वर्षं खणत होती. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे शे-दोनशे कुडाची घरं होती. लोक जव आणि कुळीथ पिकवत, गुरं राखत, नदीत मासे धरत. मग पावसानं पाठ फिरवली आणि दोन-तीन पिढ्यांत गाव उठलं. त्या शेवटच्या दुष्काळात घरात सगळ्यांत आधी कोण उपाशी राहिलं, हा उत्पलाचा प्रश्न होता. बाकी सगळं संशोधन या एका प्रश्नाभोवती उभं होतं.

जुन्या पद्धतींनी त्याचं उत्तर मिळत नव्हतं. राखेची माती पाण्यात कालवली की जळालेले दाणे वर तरंगतात, त्यावरून पीक कळतं. मडक्याच्या छिद्रांत मुरलेल्या चरबीवरून काय शिजलं ते कळतं. हाडांवरचे सुरीचे घाव, पाट्या-वरवंट्याची झीज, कोठारांचा घेर हे सगळं सांगतं, पण ते गावाबद्दल. त्या घरातल्या कोणाच्या तोंडात काय पडलं, हे त्यातलं काहीच सांगत नाही.

ते सांगतं दातांवरचं कीटण. घासताना जिथे बोट पोचत नाही तिथे रोज एक चिकट थर बसतो. लाळेतलं कॅल्शियम त्यात उतरून त्याचा दगड होतो, आणि होता होता तो तोंडातून गेलेल्या घासाचे कण पोटात घेतो. पिठाचा एखादा कण, दुधातलं प्रथिन, चुलीची काजळी. उद्या त्यावर दुसरा थर. माणूस मरतो, हाडं भुसभुशीत होतात, पण तो दगड हजारो वर्षं टिकतो. उत्पलानं तिचे गुरू डॉ. मुकुंद धारप यांच्याबरोबर हे थर एकामागून एक वाचणारं यंत्र बनवलं. नाव कीटणवाचक. पेनाएवढं टोक असलेलं, म्हणून कॅम्पातले मजूर त्याला 'कोरणं' म्हणायचे, आणि तेच नाव पडलं.

पण कोरण्याला वाचायला शिकवावं लागलं. शिजवल्यावर प्रथिनं मोडतात. भाजलेला मासा आणि चिंचेच्या कोळात शिजलेला मासा यंत्राला दोन वेगळे प्राणी वाटतात. म्हणून शिजलेल्या पदार्थांची एक संदर्भसूची लागणार होती, तीही मातीच्या भांड्यात, गोवऱ्यांच्या आचेवर शिजवलेल्या. ती लंकाताईंनी करून दिली. कॅम्पावर त्या स्वयंपाकाला होत्या. नऊ हंगामांत त्यांनी चारशे बारा पदार्थ रांधले. वरईचा भात, कुळथाचं पिठलं, भाजलेली वाम, चिंचेतली मरळ, शेळीची मुंडी. यंत्राला अन्नाबद्दल जे काही ठाऊक होतं ते लंकाताईंच्या हातचं होतं.

मग आहारसत्य नावाची कंपनी आली. धारपसरांनी यंत्राचा परवाना दिला तेव्हा कंपनी म्हणाली होती, मधुमेह, पोषण, शाळेतली मुलं. पहिलं वर्ष तसंच गेलं. दुसऱ्या वर्षी पुण्याबाहेरच्या 'शुद्धाहारी' गृहसंकुलांनी भाडेकरूंची तपासणी सुरू केली. नियम सोसायटीचे, जागा खाजगी, कायद्याला बोट ठेवायला जागा नाही. नंतर वसतिगृहं आली, नंतर मंगल कार्यालयांचे आचारी, आणि आता लंकाताई, ज्या कॅम्प कमी झाल्यापासून निरामय नगरीच्या सामुदायिक स्वयंपाकघरात रोज सहाशे पोळ्या लाटत होत्या.

विद्यार्थी असताना उत्पला पुण्यात खोली शोधत हिंडली होती. आडनाव ऐकून झालं की प्रत्येक घरमालक थोडा थांबायचा आणि मग विचारायचा, "खाता काय तुम्ही?" ती कधी खोटं बोलली, कधी खरं. खोटं बोलून मिळालेल्या खोलीत दोन वर्षं तिनं अंड्याची टरफलं पर्समधून बाहेर नेऊन टाकली. तोच प्रश्न आता तिच्या यंत्राच्या तोंडी होता, आणि यंत्रासमोर खोटं बोलायची सोय नव्हती.

"पण ताई," ती म्हणाली, "तुम्ही तर मासे सोडलेत ना? आणि मटणही?"

"सोडून अकरा वर्सं झाली."

हे उत्पलाला माहीत होतं. लंकाताईंचे यजमान धरणात जाळी टाकायचे. अकरा वर्षांपूर्वी वावटळीत त्यांचा तराफा उलटला. त्यानंतरही लंकाताई कॅम्पावर मासे रांधत, पण चाखत नसत. मिठाचा अंदाज वासावरून घेत.

"बसा," उत्पला म्हणाली. "आ करा."

दोन तासांत पडद्यावर थर उमटले. संकुलांत वापरतात ते कोरणं फक्त 'आहे' की 'नाही' एवढंच सांगायचं. प्रयोगशाळेतलं यंत्र क्रम लावायचं. लंकाताईंनी जन्मात कधी दंतवैद्याची पायरी चढली नव्हती, त्यामुळे तीस वर्षं एकावर एक शाबूत होती. आतल्या थरांत मरळ, वाम, शेळी. मग एक रेषा. रेषेच्या बाहेर ज्वारी, हरभरा, दूध, मिरची, पुन्हा ज्वारी. मासा एकही नाही.

उत्पलानं आनंदानं टेबलावर थाप मारली. "सुटलात तुम्ही!"

लंकाताई त्या रेषेकडे बघत होत्या. "ही त्यांची हाय का?" त्यांनी विचारलं. "म्हंजी, ते गेले तवाची?"

"हो."

त्यांनी पडद्याला बोट लावलं आणि काढून घेतलं.

रविवारी सकाळी निरामय नगरीच्या सभागृहात बैठक भरली. ती धारपसरांनी जमवून आणली होती. समितीचे अध्यक्ष निमकर हे निवृत्त अभियंता, बोलायला अत्यंत मृदू. त्यांनी लंकाताईंना स्वतः खुर्ची दिली.

"आमचा कुणाच्या खाण्याला विरोध नाही," ते म्हणाले. "ज्यानं त्यानं आपल्या घरी काय हवं ते खावं. आमचं म्हणणं फक्त आमच्या स्वयंपाकघरापुरतं."

उत्पलानं अहवाल वाचून दाखवला. तक्ता भिंतीवर झळकला. निमकरांनी चष्मा वर करून ती रेषा पाहिली आणि हसून समितीकडे वळले. "मग प्रश्नच मिटला! अकरा वर्षं बाई शुद्ध आहेत. उद्यापासून या कामावर. दर सहा महिन्यांनी तेवढी तपासणी करू, म्हणजे तुम्हीही निर्धास्त."

दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. धारपसर उत्पलाकडे बघून मान डोलावत होते.

लंकाताई उठल्या. "म्या काही बोलू का?"

"बोला ना."

"माझं मानूस धरणात गेलं. तिसऱ्या दिवशी सापडलं. त्याचं काय झालं व्हतं ते म्या बघितलं. पाण्यातलं काही तोंडात घालवंना म्हून सोडलं, आन मासळीसंगं मटणबी सुटलं. त्ये माझ्या घरातलं हाय. तुमच्या कागदावर चढाया न्हाई सोडलं."

लंकाताई समितीकडे वळल्या.

"त्याच्या आधी वीस वर्सं मासं खाऊन म्या लोकांघरी भाकऱ्या थापल्या. कुणाचं पोट दुखलं न्हाई. मंग आज म्या शुद्ध, तर तवा काय व्हते?"

"बाई, तुमचा गैरसमज होतोय. आम्ही तुम्हाला परत घेतोय."

"माझ्यासंगं सात जणी काढल्या तुमी. त्यांचं नवरं जित्ते हाईत, साहेब. त्या आजबी खात्यात. त्यांना कुठला कागद दावू?"

निमकरांनी धारपसरांकडे पाहिलं. धारपसर खाली पाहत होते. उत्पला हातातल्या अहवालाकडे बघत होती. किती आनंदानं तिनं तो छापून आणला होता! लंकाताई निर्दोष आहेत हे सिद्ध करताना बाकीच्या सात जणी दोषी आहेत हे तिनं आपल्याच सहीनं मान्य करून टाकलं होतं.

"निमकरसाहेब," ती म्हणाली, "इथल्या रहिवाशांची तपासणी झाली आहे?"

"प्रत्येकाची. एकही नमुना दोषी नाही."

"नसणारच. दात साफ करून घेतले की कीटण जातं, आणि कीटण गेलं की माझं यंत्र मुकं होतं. तुमच्या फाटकाशेजारच्या दंतवैद्याच्या पाटीवर 'तपासणीपूर्व स्वच्छता, भेट ठरवून यावे' असं लिहिलंय. मी आत येताना वाचलं. दातांवर तीस वर्षं बाळगणारी माणसं कोण, आणि दर चार महिन्यांनी ती पुसून घेणारी कोण, एवढंच हे यंत्र सांगतं. शुद्ध कोण ते नाही." तिनं अहवालाची घडी घातली आणि पिशवीत टाकली. "हा मी मागे घेते. लंकाताईंना याची गरज नाही."

दोघी बाहेर रस्त्यावर आल्या. एसटीच्या थांब्यावर सावली होती तिथे बसल्या.

"माझं चुकलं," उत्पला म्हणाली.

"चुकलं. पर तुमी चांगल्यापायी केलं."

मग उत्पलानं तो विषय काढला. कॅम्पावर पदार्थ रांधताना लंकाताईंनी दर हंगामाला एका कागदावर सही केली होती. त्यात लिहिलं होतं, 'केवळ पुरातत्त्वीय अभ्यासासाठी'. चार वर्षांपूर्वी नमुन्यांच्या संमतीचा नवा कायदा आला. ज्यानं नमुना दिला त्यानं संमती काढून घेतली, तर अर्जाच्या दिवसापासून वापर बंद. महिनाभरात नमुना आणि त्याच्या सगळ्या प्रती नष्ट. प्रत लपवून ठेवली तर गुन्हा. संदर्भसूचीची राखणदार म्हणून उत्पलाची सही लागेल. शास्त्राचं भरून न येणारं नुकसान होतंय असं तिनं लिहून दिलं, तरच अर्ज फेटाळता येतो.

"म्या न्हाई म्हणलं, तर त्यांचं कोरणं काय करंल?"

"कीटण घेईल. आत काय आहे ते त्याला कळणार नाही. अक्षरं दिसतील, अर्थ लागणार नाही."

"सगळीकडचं?"

"सगळीकडचं. माझंही."

लंकाताईंना चिंचटेकचं सगळं माहीत होतं. शेवटच्या थरातल्या घरांच्या जमिनीखाली पुरलेली नऊ माणसं मातीच्या ढेकळासकट उचलून आणलेली होती. त्यात एक बाई होती, पंचविशीची, दात झिजलेले. तिचे दात मोकळे करायलाच सहा महिने लागणार होते. उत्पलाचं उत्तर तिच्या तोंडात होतं.

"तुमच्या त्या बाईचं वाचून घ्या आधी," लंकाताई म्हणाल्या. "म्या थांबते सा म्हयनं. मंग टाकते अर्ज."

उत्पलानं हो म्हणायला तोंड उघडलं. सहा महिने. बारा वर्षांपुढे सहा महिने काय होते! पण त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात आलं होतं की पुढच्या जूनपासून मुलींची आणखी चाळीस वसतिगृहं प्रवेशाच्या वेळी कोरणं वापरणार. चाळीस वसतिगृहांच्या दारात रांगेत उभ्या राहणाऱ्या मुली, आ करून.

"नाही. आजच टाका."

"बघा हां. पुना म्हणाल, थांबाया हवं व्हतं."

"म्हणेन कदाचित. तरी आजच टाका."

लंकाताईंनी पदरानं कपाळ पुसलं. मग एकदम म्हणाल्या, "एक इचारू? त्या मेलेल्या बाईला तरी कुणी इचारलं व्हतं का, आ कर म्हून?"

बारा वर्षांत हा प्रश्न उत्पलाला परिषदेत कोणी विचारला नव्हता. तेवढ्यात एसटी आली.

अर्ज दाखल झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी धारपसर प्रयोगशाळेत आले. ते बसले नाहीत.

"तू हरकत लिहून दे," ते म्हणाले. "नियमात आहे. भरून न येणारं नुकसान. शब्द न् शब्द खरा आहे, उत्पला. तुला खोटं लिहायचं नाहीये."

"मला माहीत आहे, सर."

"मी तुला खणायला शिकवलं. पांढरी ओळखायला शिकवलं. चाळीस वर्षं मी हात पसरत हिंडलो, साहेब लोक विचारायचे, मडक्याच्या तुकड्यांचा उपयोग काय? पहिल्यांदा कोणालातरी आपला उपयोग वाटला."

"उपयोग कशासाठी वाटला ते तुम्ही पाहिलंत रविवारी."

"वापरणारे चुकतात. सुरीनं खून होतो म्हणून आपण सुऱ्या वितळवत नाही."

"ही सुरी लंकाताईंनी घडवलीय, सर. त्यांच्याच गळ्याला लावली. त्या म्हणतात, द्या परत. मी कोण नाही म्हणणारी?"

धारपसरांचा आवाज चढला. "आणि त्या नऊ जणांचं काय? त्यांची गोष्ट कोण सांगणार? तीन हजार वर्षांपूर्वीची उपाशी बाई, तिच्या बाजूनं कोण बोलणार?"

हा घाव वर्मी बसला. उत्पला खिडकीपाशी गेली. पलीकडच्या खोलीत ती ढेकळं ओल्या फडक्यांखाली ठेवलेली होती.

"तिच्या बाजूनं बोलायला मी जिवंत बायकांचे दात तपासत राहू?" ती वळून म्हणाली. "नाही सर. तिला थांबावं लागेल. तिची तीन हजार वर्षं गेली, आणखी जातील. वसतिगृहातल्या मुलीचं एक वर्षही नाही जाणार."

"तुला काढून टाकतील."

"टाकू देत."

धारपसर वळले. मग दार न लावता निघून गेले. त्यानंतर ते तिच्याशी कधी बोलले नाहीत, आणि हे तिला पुढे झालेल्या निलंबनापेक्षा जास्त लागलं.

उत्पलानं हरकतीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि सही केली. सूची पुसताना पडद्यावरून एकेक नाव गेलं. चारशे बारा. वाचणं थांबवायचं ठरवूनही तिनं शेवटपर्यंत वाचलं.

निरामय नगरीतली, मंगल कार्यालयांतली, वसतिगृहांसाठी आणलेली कोरणी एकाच दिवशी मुकी झाली. 'ओळख पटत नाही' एवढंच दाखवू लागली. आहारसत्यनं खटला भरला. संस्थेनं उत्पलाला निलंबित केलं. कंपनीनं जाहीर केलं की वर्षभरात नवी सूची तयार करू, आणि यंत्राची सगळी मोजमापं त्याच रांधण्यावर बेतलेली असल्यानं मातीच्या भांड्यात, गोवऱ्यांवर रांधणाऱ्या बायका हव्यात म्हणून घोड नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत माणसं पाठवली. पण निरामय नगरीतून काढलेल्या सात जणी त्याच गावांतल्या होत्या. त्या आधीच दारोदार फिरून आल्या होत्या. कंपनीची माणसं एका गावाहून दुसऱ्या गावाला जात राहिली. कोणाचा हात दुखत होता, कोणाला चुलीवर येतच नव्हतं, कोणी नुसतंच "न्हाई" म्हणून दार लोटून घेत होतं.

शेवटी कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी, जहागीरदार नावाचे पन्नाशीचे गृहस्थ, थेट चिंचटेकला लंकाताईंच्या दारात आले. उत्पला तिथेच होती. निलंबनानंतर ती आठवड्यातले दोन दिवस चिंचटेकला येऊन जुन्या पद्धतीनं राखेची माती बादलीत तरंगवत बसे, आणि जेवायला लंकाताईंकडे जाई.

जहागीरदारांनी हात जोडले. "तुमच्या हातच्या मरळीच्या कालवणाबद्दल फार ऐकलंय, ताई. तुमच्याशिवाय हे काम होणार नाही. तुम्ही म्हणाल त्या अटींवर."

"कालवण व्हय? आजच केलंय, घरच्या पोरींसाठी," लंकाताई म्हणाल्या. "उनाचं आलासा. बसा, जेवून जा."

ते थोडे गडबडले, मग बसले. लंकाताईंनी भाकरी वाढली, कालवण वाढलं, कांदा फोडून ठेवला. ते आधी संकोचानं जेवत होते, मग संकोच विसरून जेवू लागले. दुसरी भाकरी मागून घेतली. लंकाताई मुकाट वाढत होत्या. त्यांनी स्वतः पिठल्याशी भाकरी खाल्ली.

जेवण झाल्यावर जहागीरदारांनी हात पुसले. चुलीशेजारच्या मडक्याच्या बुडाला थोडं कालवण चिकटून राहिलं होतं. त्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "ताई, कामाचं राहू द्या. नुसतं हे भांडं जरी दिलंत ना, आहे तसं, नमुना म्हणून—"

"जेवलासा न्हवं पोटभर?"

"अगदी."

"मंग झालं तर. माझ्या घरी आल्यालं मानूस उपाशी जात न्हाई. भांडं मात्र घावायचं न्हाई."

त्यांनी मडकं उचललं, मागच्या अंगणात नेलं, बादलीतल्या राखेची मूठ घातली आणि काथ्यानं आतून घासायला बसल्या. जहागीरदार दारात उभे राहून बघत होते. एकदा धुतल्यावर लंकाताईंनी मडकं उन्हाकडे धरून आत पाहिलं, समाधान झालं नाही, म्हणून आणखी एक मूठ राख घातली.